थ्री नॉट थ्रीचं लाकूड

कोरेगाव भीमा हे गावाचं नाव सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात दोनच आकडे येतात. 1818 आणि 2018. मग एकतर आवाज चढतो, नाहीतर विषय बदलतो. दोन्हींवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे मी आज तिसऱ्याच आकड्यावर लिहिणार आहे. थ्री नॉट थ्री. आकडा बंदुकीचाच आहे, पण लिहायचंय ते तिच्या लाकडाबद्दल. घरच्या मंडळींनी एव्हाना ओळखलं असेल की गाडी मामांकडे वळणार. वळणारच आहे.

उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला रीतसर निरोप दिला. बाकीच्या राज्यांतूनही ती टप्प्याटप्प्यानं हद्दपार होत गेली. निरोपाच्या बातम्यांखाली जे विनोद चालतात ते तुम्हीही ऐकले असतील. म्युझियममधली बंदूक, हिच्यापेक्षा काठी बरी, गोळी सुटली तर नशीब, समोरच्याला सोडून शेजाऱ्याला लागते वगैरे. यातले निम्मे विनोद 26 नोव्हेंबर 2008 नंतर जन्माला आले. त्या रात्री सीएसटीवर एके-47 समोर आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि या जुन्या रायफली होत्या, हे सगळ्या देशानं पाहिलं. आरपीएफचे हवालदार झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल हातात घेऊन गोळी झाडली आणि नंतर प्लास्टिकची खुर्ची फेकून मारली, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. खरं तर ती ऐकून आपल्याला लाज वाटायला हवी.

इथे एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्यावर घसरायला नको. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी रायफल आणि स्वयंचलित रायफल यांची गर्दीच्या स्टेशनवर बरोबरी होऊच शकत नाही. माणसांना तसं उभं करणं चूकच होतं. पण "ती हळू चालते" आणि "तिचा नेम लागत नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते इतक्या बेफिकिरीनं बोललं जातं की त्याच्या आड एक वेगळाच हलगर्जीपणा गेली कित्येक वर्षं सुखानं नांदतो आहे. मला राग आहे तो त्याचा.

थोडा इतिहास. आमच्या गावात 1818 साली ज्या बंदुका वाजल्या त्या बहुतेक गुळगुळीत नळीच्या. दूरच्या एका माणसावर नेम धरून उपयोग नसे. रांगेनं उभं राहून फैर झाडायची आणि पुढं जायचं. ग्रँट डफनं लेफ्टनंट पॅटिन्सनची हकीकत लिहिली आहे. हा साडेसहा फुटी गडी जबर जखमी होऊन पडला होता. तोफ गेली असं कळल्यावर तो उठला, बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानं दणादण हाणत पुढं घुसला. त्या बंदुकीच्या लाकडाकडून अपेक्षा एवढीच. हातात नीट धरता यावं आणि वेळ पडली तर डोकं फुटावं.

नळीच्या आत मळसूत्री चर आले आणि लाकडाचा दर्जा एकदम वाढला. आता गोळी दूर आणि सरळ जायला लागली, म्हणजे नळीची केसाएवढी हालचालही निशाण्यावर दिसायला लागली. ली-एनफील्ड ही त्या घराण्यातली. छोटी ली-एनफील्ड इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतली, 1907 साली तिचा मार्क थ्री आला, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती पुढे कित्येक दशकं बनत राहिली. 1962 च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हातात हीच होती. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात बनायची. म्हणजे पुण्याची माणसं तिला परकी म्हणू शकत नाहीत.

आता मामा. मामा पोलीस दलात आर्मोरर होते. कुठल्या तुकडीत ते सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यानं उगाच कुणाच्या तरी नाकाला मिरची झोंबेल. आमच्या शिरूर-दौंड भागात खाकी वर्दी घरोघरी आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट, पाच आणि सात नंबरचे, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र. कुणाचा तरी चुलता, कुणाचा तरी मेव्हणा भरती झालेलाच असतो. पण आर्मोरर क्वचित. मामांचे वडील गावात सुतारकी करायचे, बैलगाडीची चाकं हा त्यांचा हातखंडा. मामांच्या हातात रंधा-पटाशी लहानपणीच आली होती, आणि पुढं पोलिसात त्यांना शस्त्रागारात टाकणारा साहेब कोण होता माहीत नाही, पण त्याला माणसं कळत होती.

बंदूक म्हणजे लोखंड आणि लाकूड ही धरायची मूठ, असं आपल्याला वाटतं. मामा हे ऐकून घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, गाडीच्या चाकावर धाव चढवतात ना, तसं आहे. लोखंडाची धाव तापवून लाल करायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. धाव आवळली की चाक जन्मभर बोलत नाही. पण धाव एका बाजूला सैल राहिली तर? चाक दिसायला चाकच असतं, फिरतंही, पण दोन कोसांत आरे करकरायला लागतात. "लोखंड आणि लाकूड एकमेकांना सगळीकडनं सारखं भेटलं पायजे. एका बाजूनं गळामिठी आन दुसऱ्या बाजूनं रुसवा, हे चालत नाय."

थ्री नॉट थ्रीचं लाकूड एकसंध नसतं. मागचा दस्ता वेगळा आणि नळीखालचा लांब भाग, ज्याला ते फोरएंड म्हणतात, तो वेगळा. वरून नळी झाकणारे हँडगार्ड आणखी निराळे. दस्ता मोठ्या बोल्टनं मागून आवळलेला असतो. (हे दस्ते माणसाच्या हाताच्या लांबीप्रमाणे चार मापांत यायचे आणि त्यावर बी, एस, एन, एल अशी अक्षरं ठोकलेली असायची. बी म्हणजे बॅन्टम, सगळ्यांत आखूड. बुटक्या माणसांचा एवढा विचार इंग्रजानं केला होता, आपल्याकडे युनिफॉर्मची पँटसुद्धा एकाच मापाची येते.)

नेमाच्या दृष्टीनं खरी मेख फोरएंडमध्ये आहे. मॅगझिनच्या खाचेच्या मागे, दोन्ही अंगांना, लाकडात दोन लहान खांदे असतात. बोटाच्या नखापेक्षा फार मोठे नाहीत. गोळी सुटली की रायफलचं लोखंडी अंग मागे उसळतं आणि तो सगळा धक्का या दोन खांद्यांवर येतो. दोन्ही खांदे सारखे टेकलेले असतील तर लोखंड सरळ मागे जातं आणि सरळ जागेवर येतं. एकच टेकलेला असेल तर ते दर वेळी किंचित तिरपं होतं, आणि परत येताना कालच्याच जागी येईल याची खात्री नाही. गोळी नळीत असतानाच नळी थरथरत असते, ती थरथर दर वेळी वेगळी झाली की गोळीही वेगळीकडे जाते. मग नेमबाज कितीही श्वास रोखो.

जुनी लाकडं फाटतात, तेल पिऊन पिऊन मऊ होतात, खांदे दबतात. कवायतीत दस्ता जमिनीवर आपटून आपटून बोल्ट सैल होतो. मामा तर सांगतात की सलामी शस्त्रला हात आपटल्यावर 'खाट्' असा झकास आवाज यावा म्हणून काही पोरं मुद्दाम बँडचे स्क्रू ढिले करून ठेवायची. परेडला वाहवा, रेंजवर बोंब. तर असं लाकूड बदलावं लागतं, भांडारातून नवं येतं, आणि इथे आमच्या सरकारी पद्धतीचा खरा चमत्कार सुरू होतो. जुनं काढलं, नवं लावलं, स्क्रू पिळले, रजिस्टरमध्ये 'दुरुस्त' लिहिलं. लिहिलं म्हणजे झालं.

मामांच्या नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट. एका तुकडीतला एक शिपाई वार्षिक फायरिंगमध्ये लागोपाठ दोन वर्षं नापास झाला. आधी हा माणूस बरा नेमबाज होता. साहेबानं सगळ्यांसमोर झापलं, डोळे तपासायला पाठवलं, डोळे ठणठणीत निघाले, मग दारू पितोस का म्हणून विचारलं. पीत नव्हता. पुढच्या पदाच्या यादीत त्याचं नाव मागे पडलं. तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि रायफल मामांच्या टेबलावर आली. दोन वर्षांपूर्वी तिला कोरा फोरएंड चढवलेला होता. मामांनी तो उतरवला. डाव्या खांद्यावर लोखंडाची खूण चकचकीत उमटलेली, उजवा खांदा कारखान्यातून आला तसा कोरा करकरीत. त्याला लोखंड कधी शिवलंच नव्हतं. पुढं नोजकॅपजवळ नळी उजव्या भिंतीला घासत होती.

मामांनी चार दिवस घेतले. त्याच रायफलनं तोच माणूस शंभर यार्डांवर पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत मारून आला. साहेब म्हणाले, "अच्छा, ठीक आहे." संपलं. दोन वर्षांचा शेरा कुणी खोडला नाही, कारण शेरा खोडायचा कुठला फॉर्म नसतो.

मी म्हणतो ते हेच. माणसाच्या सेवापुस्तकात शेरा जातो, रायफलच्या लाकडाच्या नाही. नेम चुकला की पहिला संशय बोटावर, दुसरा डोळ्यावर, तिसरा चारित्र्यावर. लाकडाचा नंबर सर्वांत शेवटी, तोही लागला तर. आणि मग सगळं अंगाशी आलं की एकदम सगळ्या रायफलींच्या जातीलाच नावं ठेवायची. जुनी आहे हो, तिचा काय नेम लागणार!

चार दिवसांत मामांनी काय केलं हे मी त्यांच्याकडून बैजवार ऐकून घेतलंय, आणि ते लिहून ठेवावं असं वाटतं, कारण करणारे हात आता संपत आले आहेत. (कुणी घरी करून बघावं म्हणून नाही. .303 हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला तिचा परवाना मिळत नाही, आणि साध्या परवान्याच्या बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या कारागिरानंच करायची असते.)

आधी लोखंड तपासायचं. नळीच घासलेली असेल, तोंडाशी पुलथ्रूच्या दोरीनं चर पडलेला असेल, तर लाकडावर मेहनत करणं म्हणजे पडक्या घराला रंग. बोल्टचा नंबर आणि रायफलचा नंबर एकच आहे ना बघायचं, कारण शस्त्रागारात साफसफाईच्या दिवशी बोल्टांची अदलाबदल होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुढच्या लाकडावरसुद्धा मूळ कारखान्यात रायफलचा नंबर ठोकलेला असायचा. म्हणजे ते लाकूड त्या लोखंडासाठीच तासलेलं होतं, हे कारखान्याला माहीत होतं. नव्या सुट्या लाकडावर नंबर नसतो. ते कुणाचंच नसतं.

मग उतरवायचं. इथे एक गोम आहे आणि नवखे आर्मोरर हटकून तिथे फसायचे. आधी फोरएंड काढायचा, दस्ता नंतर. कारण दस्त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढे येऊन फोरएंडच्या मागच्या टोकातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर ठेवून मागनं बोल्ट फिरवला की 'कडाड्'. नवं कोरं लाकूड उभं चिरलं. दस्त्याच्या भोकात लांब स्क्रूड्रायव्हर घालायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण बोल्टचं डोकं तिथेच तर असतं.

नवं लाकूड मुद्दाम थोडं जाड तासलेलं येतं, बसवणाऱ्यानं आपल्या रायफलीपुरतं खरवडून घ्यावं म्हणून. त्याला आधी जवसाचं तेल पाजायचं. कच्चं, उकळून वार्निशासारखं केलेलं नव्हे. हात तापेपर्यंत चोळायचं, रात्रभर ठेवायचं, पुन्हा चोळायचं. मामींची तक्रार अशी की सुट्टीवर आलेल्या मामांच्या कपड्यांना कायम जवसाच्या चटणीचा वास यायचा, फक्त लसूण नसायचा.

त्यानंतर काजळ. पणतीवर धरलेल्या पत्र्यावरची काजळी थोड्या तेलात कालवून लोखंडाच्या खालच्या अंगाला पातळ हात मारायचा. लोखंड लाकडात बसवायचं, स्क्रू आवळायचा, सोडायचा, काढायचं. जिथे काळं लागलं तिथे लोखंड टेकतंय, जिथे लाकूड स्वच्छ तिथे पोकळ आहे. काळं लागलं तेवढंच पटाशीच्या धारेनं खरवडायचं. कापायचं नाही, खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा बसव, पुन्हा काढ. एका रायफलीला असं वीस वेळा, तीस वेळा. दोन्ही खांद्यांवर सारखा काळा ठसा उमटेपर्यंत. एका खांद्यावर जरा जास्त खरवडलं गेलं तर तिथे कठीण लाकडाचं नखाएवढं ठिगळ सरस लावून बसवायचं आणि पहिल्यापासून सुरू. ऑस्ट्रेलियात या रायफली त्यांच्या मऊ लाकडात बनवायचे, तेव्हा त्यांनी या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, इतकी ही जागा नाजूक आहे. हल्ली बाहेरच्या देशांत जुन्या रायफली जपणारे हौशी लोक तिथे एपॉक्सी भरतात. मामांना मी तसे फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "भरतीय चांगलं. पण हे दात पडल्यावर कवळी बसवल्यासारखं हाय."

ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू हा पुढचा टप्पा. हा स्क्रू लोखंड-लाकूड-लोखंड अशी वडी आवळतो, आणि मध्ये एक छोटी लोखंडी नळी असते म्हणजे लाकूड चिरडू नये. ती नळी लाकडापेक्षा लांब असेल तर स्क्रू घट्ट लागतो पण लाकूड सैलच राहतं. माणसाला वाटतं आवळलंय. फसवणूक इथेच होते. स्क्रू शेवटच्या पाव फेऱ्यात जड व्हायला हवा, त्याआधी नाही आणि एकदम दगडासारखाही नाही. हे मोजायचं यंत्र मामांकडे नव्हतं, मनगट होतं.

मग नळी. नळीच्या पन्हळीत नळी मोकळी हवी, ठरलेल्या जागा सोडून. मामा दहाची नोट घालून बघायचे. नोट नळीखालून सरकली पाहिजे, अडली तर तिथे खरवडायचं. ठरलेल्या जागा दोन. मधल्या बँडचा स्प्रिंगवाला स्क्रू नळीला हलकंसं खाली धरतो, आणि पुढे तोंडाशी एक स्प्रिंगची खुंटी नळीला वर रेटते. नळी तोंडाशी अंगठ्यानं दाबली तर दबली पाहिजे आणि सोडली की मुकाट्यानं वर आली पाहिजे. डावी-उजवीकडे कुठेही घासता कामा नये. एवढी वजनदार नोजकॅप पुढे लटकवलेली असते, तिला नळीला बाजूनं ढकलायचा फार मोह होतो.

आणि मग रेंज. इथे मामांचा एक नियम होता, तो मला फार आवडतो. पहिल्या दिवशी माशीला हात लावायचा नाही. गोळ्या डावीकडे जाऊ देत, वर जाऊ देत, बघायचं एकच, की त्या एकत्र येतायत का. सगळ्या मिळून एका बाजूला गेल्या तर ती पोटातली तक्रार नाही, वरवरची आहे. माशी बाजूला सरकवून किंवा बदलून ते जमतं. माश्या वेगवेगळ्या उंचीच्या यायच्या, एकेक पायरी 15 सहस्रांश इंचाची. ऐकायला काहीच नाही, पण दोन निशाण्यांतलं अंतर साधारण साडेएकोणीस इंच धरलं तर तेवढ्यानं शंभर यार्डांवर गोळी जवळपास तीन इंच वर-खाली होते. पण गोळ्याच विखुरल्या असतील तर माशी कुणीकडे सरकवणार? बहुतेक ठिकाणी मात्र पहिल्याच दिवशी हातोडीनं माशी ठोकायला सुरुवात होते. दोन गोळ्या मधोमध आल्या की 'झिरो झाली' म्हणून रायफल परत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

पावसाळा तर वेगळाच वैरी. उन्हाळ्यात दौंडच्या कोरड्या हवेत बसवलेलं लाकूड. कंपनी जुलैत मुंबईला नाहीतर थेट गडचिरोलीला बंदोबस्ताला जाते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मोकळी ठेवलेली नळी पुन्हा घासायला लागते. म्हणून मामा पन्हळीच्या आतूनही तेल द्यायचे, जिथे परेडच्या दिवशी कुणाची नजर जात नाही. बाहेरून चकाचक पॉलिश आणि आतून कोरडं लाकूड ही त्यांच्या लेखी शिवी होती.

कुणी म्हणेल, आता या रायफली गेल्याच, कशाला हे पुराण? इथे माझं मत जरा आग्रहाचं आहे. रायफल गेली तरी सवय जात नाही. 26/11 नंतर राम प्रधान समितीनं सरावाच्या काडतुसांच्या टंचाईवर बोट ठेवलं होतं, म्हणजे शस्त्र नवं असो की जुनं, ते वापरात तयार ठेवण्याचं काम आपण मागेच टाकतो. ऑगस्ट 2019 मध्ये बिहारमध्ये माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यविधीला मानवंदनेसाठी उभ्या केलेल्या बावीसच्या बावीस रायफली वाजल्या नाहीत. सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, हसले. माझ्या डोक्यात तेव्हा आलं, की त्या दिवशी सकाळी तिथल्या कुठल्याशा रजिस्टरमध्ये नक्की 'तपासले, ठीक' असं लिहिलेलं असणार.

आणि नागरिकांकडेही पाहा. आमच्या भागात ऊस आहे, उसात बिबट्या आहे, आणि थोड्या लोकांकडे परवान्याची .315 रायफल आहे. ही ईशापूरचीच स्पोर्टिंग रायफल, आतली ठेवण ली-एनफील्डच्याच घराण्यातली. ओळखीच्या एका बागायतदारानं तिला नवा दस्ता आणि पुढचं लाकूड करवून घेतलं. शिसवी, नक्षीदार, पितळेच्या फुल्या. लग्नात मिरवावी अशी. मामांनी ती हातात घेतली, नळी आणि लाकूड चिमटीत धरून दाबलं आणि परत दिली. मालकाला वाटलं आवडली. घरी येताना मामा म्हणाले, "नवरदेवाचा घोडा झालाय त्येचा." बिबट्यावर रोखायची वेळ येऊ नये हेच बरं, बिबट्याच्याही आणि मालकाच्याही दृष्टीनं.

याउलट आपली ऑलिंपिकची पोरं बघा. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेजस्विनी सावंत 2010 ला जगज्जेती झाली होती. त्या दर्जाच्या रायफलींत लाकडाऐवजी ॲल्युमिनियम आलं, पण लोखंडी अंग खालच्या साच्यात कसं बसलंय आणि त्याचे स्क्रू किती आवळलेत याला तिथे तेवढंच महत्त्व आहे. ते स्क्रू मापाच्या पान्यानं आवळतात आणि आकडा लिहून ठेवतात. तिथे पोराचा नेम चुकला तर प्रशिक्षक पोराइतकीच रायफलही तपासतो. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही. ते शिपायापर्यंत पोचत नाही, कारण शिपायाचा नेम ही आपल्याला जपायची गोष्ट वाटत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. लाकूड किंवा प्लास्टिकचा साचा, काहीही बदललं की ती रायफल रेंजवर जाऊन गोळ्या एकत्र आल्याशिवाय 'दुरुस्त' म्हणून सही होऊ नये. आणि कुणा शिपायाचा शेरा खराब करण्याआधी त्याच रायफलनं दुसऱ्या एका चांगल्या नेमबाजाला पाच गोळ्या मारायला लावाव्यात. पाच गोळ्या! खर्च तो किती. पण त्यासाठी आर्मोररला वेळ द्यावा लागेल, त्याला साफसफाईवाला न समजता कारागीर समजावं लागेल, आणि चार दिवस लागले तर "एका बंदुकीला चार दिवस?" असं विचारणाऱ्या साहेबाला गप्प बसवणारा आणखी वरचा साहेब लागेल.

मामांकडे एक वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदाराच्या खातेवहीसारखी. प्रत्येक रायफलीला एक पान. वर नंबराचे शेवटचे चार आकडे, खाली लाकूड कधी बदललं, किती वेळा काजळ लावलं, ठिगळ कुठल्या खांद्यावर, माशी कितीची, पहिल्या दिवशीच्या पाच गोळ्या ठिपक्यांनी काढलेल्या आणि शेवटच्या दिवशीच्या पाच. काही पानांवर पावसाळ्यानंतरची वेगळ्या शाईतली नोंद. निवृत्त होताना त्यांनी ती वही पुढच्या माणसाला देऊ केली, तर तो म्हणाला, "मामा, ही यादीवरची वस्तू नाही, मी ताब्यात घेतली तर हिशेब कुठं दाखवू?" मग वही घरी आली. मागची पानं कोरी होती, त्यावर मामींनी ऊसतोडीचा हिशेब मांडलाय.